सेवा करायची आहे, पण नेमकी कोणती?

"ज्यांना सेवा करायची इच्छा आहे त्यांनी उपासनेनंतर भेटावं." ही घोषणा मी ज्या ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेले तिथे ऐकली आहे. कोणाला भेटायचं, कशासाठी, आठवड्यातले किती तास जाणार, काम किती महिन्यांचं, यातलं काहीच सांगत नाहीत. अशा घोषणेनं नवखा माणूस पुढे येत नाही. पुढे येतात ते आधीच तीन कामं अंगावर घेतलेले लोक, आणि तेच चौथं काम घेऊन जातात. मग वर्षाच्या शेवटी "मागच्या बाकांवरचे कोणी पुढे येत नाहीत हो" ही तक्रार ठरलेली.

मी त्या मागच्या बाकांवरची. या मंडळीत आम्ही नवे होतो. सभासदत्व झालं होतं, दोन-चार घरांशी ओळख झाली होती. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायावर पाळकसाहेबांची संदेशमाला चालू होती. आपल्याला देवाकडून मिळालेली कृपादानं, म्हणजे सेवेसाठीच्या देणग्या, निरनिराळी आहेत, ज्याला जे मिळालं त्यानं ते वापरावं, हे दर रविवारी कानावर पडत होतं. वापरायला माझी ना नव्हती. माझ्याकडे कोणतं दान आहे, हाच प्रश्न होता.

माझ्याऐवजी तो प्रश्न लोकांनीच सोडवला. मी हिशेबतपासणीचं काम करते हे कळायचा अवकाश, खजिनदारांनी मला गाठलं. "देवानंच पाठवलं तुम्हाला." मंडळ्यांमध्ये हे फार चालतं. शिक्षिकेला संडे स्कूल, वायरमनला ध्वनियंत्रणा, नर्सला आजाऱ्यांच्या भेटी. कधीकधी ते अगदी बरोबर बसतं. आठवडाभर जे करतो तेच देवाच्या घरात करताना ज्यांना धन्य वाटतं अशी माणसं मी पाहिली आहेत. मला मात्र रविवारी पुन्हा व्हाउचर आणि ताळेबंद समोर येणार या विचारानंच थकवा आला. मी "विचार करून सांगते" म्हटलं. चर्चमध्ये हे वाक्य म्हणजे अर्धा होकार धरतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सुटका केली ती बाईंनी. आमच्या मंडळीत सेवांची घडी बसवण्याचं काम एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे आहे; सगळे त्यांना नुसतंच 'बाई' म्हणतात, पाळकसाहेबसुद्धा. त्यांच्याकडे एक फाईल आहे. प्रत्येक सेवेला एक पान. पानावर मोजकंच लिहिलेलं: काम काय, केव्हा, तयारीसकट आठवड्याला किती तास, शिकवणार कोण, अडचण आली तर सांगायचं कोणाला, आणि मुदत किती. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. त्या फाईलमध्ये बेमुदत काम एकही नव्हतं. संडे स्कूलला एक वर्ष, दारावरच्या स्वागताला सहा महिने, दान मोजणाऱ्यांना दोन वर्षं आणि मग सक्तीची सुट्टी. बाई म्हणाल्या, "सुटायची तारीख ठाऊक असली की माणूस आत यायला घाबरत नाही." घोषणेत हे एवढं एक पान वाचून दाखवलं तरी निम्मे लोक पुढे येतील असं माझं मत आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी मला कृपादानांची प्रश्नावली दिली. ही आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. "मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं", "कामाची आखणी करताना मला आनंद होतो", "दुःखी माणसाजवळ मी बराच वेळ बसू शकते" अशी विधानं, प्रत्येकापुढे एक ते पाच गुण. बेरीज केली की कळतं, तुम्ही शिक्षणात, व्यवस्थेत की दयेच्या कामात. माझी बेरीज व्यवस्थेकडे झुकली. म्हणजे फिरून हिशेबाचीच वही! माझा चेहरा बघून बाई हसल्या. "हा कागद तू काय करत आलीस ते सांगतो. वीस वर्षं जे केलंस त्याला तू पाच गुण देणारच."

प्रश्नावलीबद्दल माझी आणखी एक कुरकुर आहे. त्या सगळ्या, ही पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या याद्यांवर बेतलेल्या असतात, पण त्याच्या स्वतःच्याच याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. रोमकरांस लिहिताना तो सात दानं सांगतो: संदेश देणं, सेवा, शिकवणं, बोध करणं, दान देणं, पुढारीपण, दया. करिंथकरांस पहिल्या पत्रात बरे करण्याचं दान येतं, भाषा येतात, इतरांना साहाय्य करणं आणि कारभार पाहणं येतं. इफिसकरांस पत्रात तर दानं नाहीत, माणसंच दान म्हणून दिली आहेत: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. ज्यानं याद्या लिहिल्या त्यालाच त्या पक्क्या करायची घाई नव्हती. आपण मात्र चौकटी आखून त्यात माणसं बसवतो. जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकात बसालेल नावाच्या कारागिराला देवाचा आत्मा मिळाला तो सोनं, रुपं, पितळ घडवायला आणि लाकूड कोरायला. हे दान पौलाच्या एकाही यादीत नाही.

मग बाईंनी एक युक्ती केली, ती मला फार आवडली. त्याच प्रश्नावलीच्या दोन कोऱ्या प्रती दिल्या. "या तुला नीट ओळखणाऱ्या दोघांना दे. तुझ्याबद्दल त्यांनी भरायच्या. आणि बंद पाकिटात मला आणून द्यायच्या, तू वाचायच्या नाहीत." एक प्रत मी ऑफिसातल्या मैत्रिणीला दिली, ती ख्रिस्ती नाही, त्यामुळे 'कृपादान' म्हणजे काय इथपासून समजावून सांगावं लागलं. दुसरी मुलीला.

पाकिटं पोचल्यावर आमचं नीट बोलणं झालं. बाईंनी तीनच गोष्टी विचारल्या. खरोखर हातात किती वेळ आहे? इच्छा आहे तेवढा नको, आहे तेवढाच सांग. परीक्षेचे महिने, आजारी सासूबाई, वर्षअखेरची कामं, सगळं वजा करून. मी आठवड्याला दोन तास म्हटलं, तर त्यांनी पानावर दीड लिहिला. दुसरं, माणसांत तासभर वावरून आल्यावर अंगात जोर येतो की जातो? जातो, मी म्हटलं. माणसं मला आवडतात, पण थोडी थोडी.

तिसरा प्रश्न असा: "रविवारी उपासनेत बसलेली असताना तुला काय खटकतं?"

हा प्रश्न कोणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. चर्चमध्ये खटकलेलं बोलून दाखवणं म्हणजे कुरकुर, आणि कुरकुरीबद्दल वाळवंटातल्या इस्राएल लोकांचं काय झालं ते आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण उत्तर तोंडातून आपोआप बाहेर पडलं. "शास्त्रवाचन." आणि मग मी थांबेचना. ऐनवेळी कोणाच्या तरी हातात बायबल देतात. वाचणाऱ्याला उतारा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हेच माहीत नसतं. नावं आली की अडखळतात, मग अडखळल्याची लाज वाटून उरलेलं भरभर उरकतात. पूर्णविराम गिळतात. प्रश्नार्थक वाक्य सपाट वाचतात. देवाचं वचन म्हणतो आपण त्याला, आणि सगळ्या उपासनेत तयारी नसलेली तेवढी एकच गोष्ट असते. गाण्याचा सराव होतो, घोषणासुद्धा लिहून आणलेल्या असतात!

बाईंनी ते लिहून घेतलं. बरं-वाईट काही म्हणाल्या नाहीत. "आधी सगळीकडे उभी राहून ये," एवढंच.

हा त्यांचा नियम आहे. कुठलीही सेवा घेण्याआधी ती करणाऱ्याच्या शेजारी नुसतं उभं राहायचं. हात लावायचा नाही, मदत करायची नाही, बघायचं. आणि निदान एक जागा अशी निवडायची जी आपल्याला मुळीच जमणार नाही असं वाटतं.

दान मोजणाऱ्यांच्या खोलीत मी सगळ्यात कमी वेळ होते, कारण तिथलं सगळं मला पाठ होतं. कधीही एकट्यानं मोजायचं नाही, दोघं एका कुटुंबातली नसावीत, दोघांनी वेगवेगळं मोजून आकडा जुळवायचा, दोघांच्या सह्या, आणि बँकेत भरणारा तिसराच. पद्धत चोख. मी उत्तम काम केलं असतं. खोलीतून बाहेर पडले तेव्हा मात्र रविवार नसून सोमवार आहे असं वाटत होतं.

दारावर एक मावशी उभ्या असतात. त्यांच्याबरोबर मी स्वागताला उभी राहिले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हसून नमस्कार करायचा, यात काय आहे! पण मावशींचं निम्मं काम न करण्यात होतं. नव्या माणसावर तिघांनी तुटून पडायचं नाही. आल्या आल्या फोन नंबर मागायचा नाही. नाव विचारायचं, स्वतःचं सांगायचं, मुलांचा वर्ग आणि स्वच्छतागृह कुठे ते दाखवायचं आणि बसायची जागा त्याची त्याला निवडू द्यायची. कोणाला कोपराच हवा असतो. उशिरा येणाऱ्याकडे घड्याळ बघितल्यासारखं बघायचं नाही. मावशी त्या अर्ध्या तासात टवटवीत होत होत्या आणि मी संपत होते. उपासनेआधी मला थोडी शांतता लागते हे मला त्या दारात उभं राहून कळलं.

पण दाराचा मान मोठा आहे, हे सांगायलाच हवं. बायबलमधल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात सव्विसाव्या अध्यायाचा मोठा भाग द्वारपाळांच्या याद्यांना दिला आहे. कोणी कोणत्या वेशीवर उभं राहायचं यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, लहान-मोठं घराणं न बघता. त्यातलं एक घराणं कोरहाचं. आणि चौऱ्याऐंशीवं स्तोत्र, ज्यात दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या मंदिराच्या उंबरठ्यावर असणं बरं असं म्हटलं आहे, त्याच्या माथ्यावर कोरहपुत्रांचंच नाव आहे. हे मी मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग? उगाच का उभी राहते मी इथे!"

संडे स्कूल ही माझी न जमणारी जागा. मुलांच्या वर्गात नुसतं बघायला उभं राहायचं तरी आधी कागद भरावे लागले. ओळख देणाऱ्या दोन माणसांची नावं, बालसुरक्षेच्या नियमांवर सही. खोलीत कायम दोन मोठी माणसं, तीही एका घरातली नकोत. दार उघडं किंवा काचेचं. पालकांच्या परवानगीशिवाय फोटो काढायचे नाहीत. मूल सोडायचं ते नोंद असलेल्या माणसाच्याच हातात; ओळखीचे काका आले तरी नोंदीत नसतील तर नाही. काही जुन्या लोकांना हे अपमानास्पद वाटतं, "आमच्यावर विश्वास नाही का?" मला उलट वाटलं. जिथे असले कागद मागत नाहीत तिथे मी माझं मूल पाठवणार नाही.

वर्ग घेणारी ताई मुलांना पवित्र शास्त्रातली गोष्ट आळीपाळीनं वाचायला लावत होती. अवघड शब्द आला की मूल तिच्याकडे बघायचं, ती ओठ हलवून दाखवायची, आवाज न करता, म्हणजे मुलाला शब्द स्वतःच सापडला असं वाटावं. मी ते बघत राहिले. संडे स्कूलची सुरुवातही वाचनातूनच झाली, हे मला नंतर वाचताना समजलं. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये 1780 साली रॉबर्ट रेक्स यांनी जी शाळा काढली तिच्यातली मुलं आठवड्याचे सहा दिवस कामावर जायची; रविवार तेवढा मोकळा, म्हणून रविवारी अक्षरओळख, आणि वाचायला पुस्तक बायबल. गोष्टीनंतर कागदकाम, रंग, डिंक आणि एकच कल्लोळ सुरू झाला तसं माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. ताईंच्या ते नजरेतून सुटलं नाही. जाताना म्हणाल्या, "तुम्ही मुलांकडे कमी आणि त्यांच्या वाचनाकडे जास्त बघत होतात."

शेवटी ध्वनियंत्रणेचं टेबल. तिथे कॉलेजातला एक मुलगा बसतो. त्यानं मला हेडफोन दिले आणि माईक एकेक करून ऐकवले. गायकांचे, तबल्याचा, पाळकसाहेबांच्या कॉलरचा. शास्त्रवाचन सुरू झालं आणि त्याचे हात भराभर चालायला लागले. "काकू, बघा आता. वाचणारे माईकपासून हातभर लांब उभे राहतात, वर मान खाली घालून वाचतात. मग मी गेन, म्हणजे माईक आवाज किती पकडतो ते, वाढवतो. गेन वाढवला की स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की सगळे मागे वळून माझ्याकडे बघतात." त्याचं म्हणणं एवढंच होतं की वाचणाऱ्यानं माईक तोंडापासून वीतभर अंतरावर घ्यावा आणि पुस्तक वर धरावं. हे त्यानं कोणाला सांगितलं का? "मी कोणाला सांगणार? सगळे माझ्यापेक्षा मोठे."

परत बाईंकडे गेले तेव्हा त्यांनी ती पाकिटं उघडली होती. मैत्रिणीनं शिकवण्याला आणि बोध करण्याला भरघोस गुण दिले होते आणि समासात लिहिलं होतं: चूक दिसली की हिला गप्प बसवत नाही, पण समोरच्याचा अपमान होणार नाही अशी सांगते. मुलीनं लिहिलं होतं की आई मोठ्यानं वाचते तेव्हा ऐकत बसावंसं वाटतं. व्यवस्थेला दोघींनीही तीनच गुण. घरी माझं कपाट कसं असतं ते मुलीला ठाऊक आहे.

"वाचकांची तयारी घेशील?" बाईंनी विचारलं. फाईलमध्ये असं पान नव्हतं. मी तसं म्हटलं, तर त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढला. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटणीत आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची तक्रार होती. प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले. "नावं वाच." स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक. ज्या बाजूला ते खुपत होतं, बहुधा त्याच बाजूची माणसं मंडळीनं कामाला लावली. हा उतारा मी कितीदा ऐकला होता, पण नावांकडे कधी बघितलं नव्हतं. बहुधा वाचणाऱ्यानं ती घाईत उरकली असावीत.

मला तेव्हा जे पटलं ते आजही पटतं. आपल्याला काय आवडतं हे विचारून सेवा सापडेलच असं नाही, कारण आवडीचं आपण आधीच कुठे ना कुठे करत असतो. जे आपल्यालाच दिसतं आणि शेजारच्याला दिसत नाही, जे राहून गेलेलं बघून आपला जीव खालीवर होतो, तिथे बघावं. अट एकच. खटकतं ते दुरुस्त करायला बसायची तयारी हवी. नुसतं खटकणारे सगळीकडे भरपूर असतात.

पाळकसाहेबांची परवानगी घेतली आणि एका तिमाहीची मुदत ठरवली. तिमाही संपल्यावर बाई, पाळक आणि मी बसणार, आणि तिघांपैकी कोणीही "नको" म्हणू शकणार, कारण न देता. बाईंनी नवं पान लिहिलं आणि फाईलला लावलं.

काम असं. आमच्याकडे तीन वर्षांच्या चक्राची वाचनसूची आहे, त्यामुळे कोणत्या रविवारी जुन्या करारातलं काय, स्तोत्र कोणतं, पत्र कोणतं आणि शुभवर्तमान कोणतं हे आधीच ठरलेलं असतं. मग ऐनवेळी बायबल हातात देण्याचं काही कारणच नव्हतं. वाचकांची यादी लावली, प्रत्येकाला उतारा आठ दिवस आधी, मोठ्या अक्षरात छापून. शनिवारी संध्याकाळी फोनवर एकदा वाचून घ्यायचं. रविवारी उपासनेआधी माईकशी एकदा.

शिकवायला फार काही नसतं. आधी उतारा कोण कोणाला सांगतंय ते ओळखा. पौलाचं वाक्य लांबलं की श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीनं रेघ मारा. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तिसऱ्या ओवीपासून चौदाव्यापर्यंत मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे, आपल्या भाषांतरात ते तोडलंय तरी दम लागतो. नावाला घाबरू नका. जे ठरवाल ते ठामपणे म्हणा, जुन्या करारातला मेफीबोशेथ तक्रार करायला येणार नाही. अभिनय नको. एलीयाच्या गोष्टीत गुहेपुढे वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो, तिथे आवाज चढवायचा मोह सगळ्यांना होतो. चढवू नका, शब्दांना त्यांचं काम करू द्या. वाचून झाल्यावर लगेच पळू नका. लूकनं लिहिलं आहे की नासरेथच्या सभास्थानात येशूनं यशयाचं वाचलं, गुंडाळी गुंडाळली, सेवकाला परत दिली आणि खाली बसला. तेवढा वेळ सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागले होते. तो वेळ ऐकणाऱ्यांना लागतो.

आणि नहेम्याचा आठवा अध्याय मी प्रत्येक नव्या वाचकाला वाचायला देते. लाकडी मंचावर उभा राहून एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, ते स्पष्ट करून, अर्थ सांगून लोकांना समजावतात. लोक रडतात. कळल्याशिवाय कोणी रडत नाही.

विरोध झाला का? झाला. आमच्या मंडळीत एक आजोबा आहेत, माझ्या वयाहून जास्त वर्षं ते शास्त्रवाचन करत आलेत. मोठ्या अक्षरातला छापील कागद त्यांनी घडी करून खिशात घातला, आपलं जुनं बायबल उघडलं आणि नेहमीच्या वेगानं, भरधाव, मला ऐकू जावं अशा खणखणीत आवाजात वाचलं. शनिवारचा फोन ते उचलत नाहीत. मी पाळकसाहेबांकडे गाऱ्हाणं नेलं नाही. ज्यांच्या तोंडून निम्म्या मंडळीनं पहिल्यांदा शास्त्र ऐकलं त्यांना मी काय शिकवणार? आजोबांच्या रविवारी मी आधी उतारा घरी वाचून जाते.

तिमाहीनंतर आम्ही तिघं बसलो. पाळकसाहेब म्हणाले की संदेशाच्या सुरुवातीला उतारा पुन्हा सांगावा लागायचा तो वेळ आता वाचतो. बाईंनी दीड तासाचं काय झालं ते विचारलं. शनिवारचे फोन लांबत होते. प्रत्येकाशी वाचनाच्या दुप्पट गप्पा. त्या म्हणाल्या, फोन दोघांत वाटून घे. मोशेला त्याचा सासरा इथ्रो यानं हाच सल्ला दिला होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. माझ्याकडे वाचक नऊच, तरी नियम तोच. मग ध्वनियंत्रणेवरच्या त्या मुलालाच विचारलं. तो आता माईकचा सराव घेतो आणि त्याच्याहून मोठ्यांना "काका, जरा पुढे या" म्हणतो. यादीत नाव असल्यामुळे त्याला ते म्हणता येतं.

या काळात मला आणखी दोन कामं विचारली गेली, एक अर्थातच हिशेबाचं. आपल्याकडे "देवाच्या कामाला नाही म्हणू नये" असं म्हणण्याची पद्धत आहे, आणि या वाक्यानं बऱ्याच चांगल्या माणसांना आजारी पाडलं आहे. मी खजिनदारांना बाईंकडे पाठवलं. बाईंनी माझं पान दाखवलं: आठवड्याला दीड तास, भरलेला. त्यांना राग आला नाही. आकडा त्यांच्या ओळखीचा होता. दोन महिन्यांनी हिशेबाला एक तरुण मिळाला, पेशानं चित्रकार. त्याला म्हणे आकड्यांची फार हौस.

माझी मुदत वाढवून दोन वर्षांची झाली आहे. पुढे काय, ते ठरवलेलं नाही. वाटणीच्या कामाला नेमलेला फिलिप्प पुढे शोमरोनात जाऊन ख्रिस्ताची घोषणा करू लागला, आणि वाटेत रथात बसून यशया मोठ्यानं वाचणारा हबशी अधिकारी त्याला भेटला. "वाचता ते समजतं का?" असं त्यानं विचारलं. मलाही पुढेमागे आजारी माणसांना घरी जाऊन वाचून दाखवावं असं वाटतं आहे; बाईंकडे त्या सेवेचं पान आहे, मुदत सहा महिने. आधी कोणाच्या तरी शेजारी बसून बघावं लागेल.

सध्या पेंटेकॉस्टची, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाची, तयारी चालू आहे. त्या दिवशीच्या उताऱ्यात राष्ट्रांची ती लांबलचक यादी येते, पार्थी, मेदी, एलामी, आणि पुढे कप्पदुकिया, पंत, फ्रुगिया. दरवर्षी वाचक तो टाळतात आणि शेवटी मलाच वाचावा लागतो. यंदा संडे स्कूलमधल्या एका मुलीनं तो मागून घेतला. शनिवारपर्यंत वेळ आहे. पंफुल्या अजून अडतो.